प्रसूती, संप्रेरके आणि अंडाशयाचा कर्करोग : शहापूर-मुरबाडच्या निमित्ताने एक आढावा

ठाणे जिल्ह्याचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके, एक कसाऱ्याच्या घाटापर्यंत आणि दुसरा माळशेजच्या घाटापर्यंत पसरलेला, मुंबईच्या माणसाला बहुधा तानसा-भातसाच्या पाण्यामुळे, माहुलीच्या किल्ल्यामुळे किंवा म्हशाच्या जत्रेमुळे ठाऊक असतात. आणि तेथल्या ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी व आगरी स्त्रियांच्या आरोग्याचा विषय निघालाच, तर तो बाळंतपण, रक्तक्षय आणि कुपोषण यांपाशीच थांबतो. तसे होणे अस्वाभाविक नाही. ज्या मुलखात अडलेल्या बाळंतिणीला डोलीत घालून सडकेपर्यंत आणावे लागल्याच्या बातम्या अजूनही छापून येतात, तेथे पन्नाशीच्या सुमारास उद्भवणाऱ्या आणि बराच काळ लपून राहणाऱ्या एका कर्करोगाची चर्चा कोणाला अवांतर वाटली, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु स्त्रीच्या बाळंतपणांशी, अंगावर पाजण्याशी आणि संततिनियमनाशी अंडाशयाच्या कर्करोगाचा संबंध इतका निकटचा आहे की, सरकारी आरोग्यखाते गेली कित्येक दशके बाळंतपणाच्या निमित्ताने ज्या नोंदी ठेवीत आले आहे, त्याच नोंदी या रोगाच्या जोखमीचाही पुष्कळसा तपशील सांगून जातात. तो तपशील कोणी त्या दृष्टीने वाचीत नाही, एवढेच.

रोगाचे स्वरूप आकड्यांवरून ध्यानात येईल. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे ४७ हजार स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या खालोखाल भारतीय स्त्रियांत याचा क्रम लागतो. पण रुग्ण आणि मृत्यू यांच्या संख्यांत इतके थोडे अंतर स्तनाच्या कर्करोगात नाही. १९६३ साली स्थापन झालेली मुंबईची कर्करोग नोंदणी आणि १९८७ साली बार्शीला सुरू झालेली देशातील पहिली ग्रामीण नोंदणी यांचे आकडे शेजारी ठेवले, तर बार्शीकडच्या खेड्यांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे आणि अंडाशयाचा मुंबईच्या मानाने कमी, असे चित्र दिसते. हे असे का असावे, या एका प्रश्नात या विषयाचा बहुतेक भाग सामावलेला आहे.

स्त्रीचे प्रसूतिजीवन आणि तिचे कर्करोग यांत काही नाते असावे, ही शंका जुनी आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामाझिनी या इटालियन वैद्याने मठांतील अविवाहित जोगिणींमध्ये स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो, असे लिहून ठेवले. आपल्याकडे टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत बसून डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी निरनिराळ्या समाजांच्या चालीरीती आणि त्यांना होणारे कर्करोग यांची सांगड घालण्याचा जो उद्योग केला, त्याचे महत्त्व आज विस्मरणात गेले आहे. पारशी स्त्रियांत स्तनाचा आणि हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक, ही गोष्ट लग्नाचे वय, मुलांची संख्या आणि राहणी यांच्याशी निगडित असली पाहिजे, ही दृष्टी त्या पिढीने दिली. अंडाशयाच्या बाबतीत नेमका सिद्धांत मांडला तो १९७१ साली, महमूद फथल्ला या इजिप्तच्या प्रसूतितज्ज्ञाने. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, दर महिन्याला अंडाशयाचे आवरण फोडून बीज बाहेर पडते, ती जखम भरून निघण्यासाठी पेशींना पुनःपुन्हा विभागावे लागते, आणि हा क्रम खंड न पडता वर्षानुवर्षे चालला म्हणजे त्यातून केव्हातरी एखादी पेशी बिघडते. जवळजवळ रोज अंडे घालणाऱ्या पाळीव कोंबडीला वय झाल्यावर हा कर्करोग आपोआप होतो, इतर प्राण्यांत तो क्वचितच दिसतो, ही गोष्ट या विचाराला पोषक ठरली.

हा हिशेब शहापूरच्या एखाद्या पाड्यावरच्या आजी-नातीला लावून पाहण्यासारखा आहे. मानू या की आजीला न्हाण आले पंधराव्या वर्षी, पाळी गेली शेहेचाळिसाव्या वर्षी, मधल्या एकतीस वर्षांत तिची सहा बाळंतपणे झाली, आणि प्रत्येक मूल तिने इतके दिवस अंगावर पाजले की गर्भारपणाचे नऊ आणि पाजण्याचे अठरा असे सत्तावीस महिने बीज सुटले नाही. म्हणजे साडेतेरा वर्षे वजा जाऊन साडेसतरा उरली. वर्षाला तेरा याप्रमाणे सव्वादोनशेच्या आसपास बीजे. नात तेराव्या वर्षी वयात आली, तिची पाळीही शेहेचाळिसाव्या वर्षी गेली, दोन मुले झाली, आणि दर मुलामागे दीड वर्ष धरले तर तीनच वर्षे वजा झाली. तिची बीजे ३९०. दोन पिढ्यांत जवळजवळ पावणेदोनपट! दोघींच्या आयुष्यातील हे अंतर कोणत्याही रोगाच्या शोधार्थ निर्माण झालेले नाही. ते शाळा, सडक, दवाखाना आणि लहान कुटुंब यांच्याबरोबर आलेले आहे.

तरीपण नुसत्या गणतीने प्रश्न सुटत नाही, आणि शास्त्राला ती मान्यही नाही. एका गर्भारपणात फार तर दहा बीजे वाचतात, म्हणजे एकंदरीच्या शेकडा दोन-तीन. पण अपत्यहीन स्त्रीच्या मानाने एकदा प्रसूत झालेल्या स्त्रीची जोखीम पाव ते एक-तृतीयांश इतकी उतरते. पुढच्या प्रत्येक बाळंतपणाने ती आणखी कमी होते, मात्र दर वेळी थोडीथोडीच. जखमेच्या उपपत्तीने इतकी मोठी उतरण समजत नाही. म्हणून गर्भारपणात रक्तात वाढणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाकडे लक्ष वळले. १९९८ साली माकडांना प्रोजेस्टिन देऊन जे प्रयोग झाले, त्यांत अंडाशयाच्या आवरणातील पेशी मोठ्या प्रमाणावर आपोआप नाश पावल्या. त्यावरून असा तर्क निघतो की गर्भारपण म्हणजे केवळ विश्रांती नसून बिघडलेल्या पेशींची झाडाझडतीही आहे. उशिराच्या वयात झालेले शेवटचे बाळंतपण अधिक संरक्षक ठरते, हे निरीक्षण या तर्काशी जुळते. वयात येण्याचे आणि पाळी जाण्याचे वय यांचा परिणाम मात्र त्यामानाने दुबळा आहे.

स्तनपानाविषयीचा पुरावा गेल्या काही वर्षांत पक्का झाला. १३ अभ्यासांच्या २०२० साली झालेल्या एकत्रित विश्लेषणात, मुलाला कधीही अंगावर न पाजलेल्या मातांच्या तुलनेत पाजणाऱ्या मातांची जोखीम शेकडा २४ ने कमी भरली, पाजण्याचा काळ वाढला तसे संरक्षण वाढले, आणि ते पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. डोळखांब, किन्हवली, टोकावडे किंवा धसई या भागांत मूल दोन-दोन वर्षे अंगावर असणे हा शिरस्ता आहे. त्याचे समर्थन आजवर बाळाच्या बाजूने होत आले, आईच्याही बाजूने ते करता येते. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी बाईला दिवसभर मातीत उभे राहून मुलाला पाजायला उसंत मिळत नाही. तिच्या ठेकेदाराकडून ती उसंत मिळवून देणे हा आरोग्याचाच विषय आहे.

आता संततिनियमनाकडे वळू. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, तेव्हा पोटात घेण्याच्या गोळ्या अस्तित्वातही नव्हत्या. त्या आल्या १९६० च्या सुमारास, आणि त्यांच्यापासून अंडाशयाला मिळणारे संरक्षण हा या विषयातील सर्वांत भक्कम निष्कर्ष आहे. २००८ साली २१ देशांतील ४५ अभ्यास एकत्र करून, २३,२५७ रुग्ण स्त्रियांची माहिती पडताळून असे दिसले की, गोळ्या घेतलेल्या दर पाच वर्षांमागे जोखीम सुमारे एक-पंचमांशाने उतरते, पंधरा वर्षे घेतल्यास निम्म्यावर येते, आणि गोळ्या सोडल्यानंतर तीस वर्षांनीही हा लाभ काही अंशी शिल्लक असतो. या आकड्यांपैकी बहुतांश युरोप-अमेरिकेतील स्त्रियांचे आहेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की गोळ्या चालू असताना स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जोखीम थोडी वाढते, शिरांत रक्त गोठण्याचे भय असते, आणि म्हणून केवळ अंडाशयाच्या रक्षणासाठी सरसकट गोळ्या वाटणे शहाणपणाचे नाही.

आपल्या राज्यात तसा प्रसंगही येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील गोळ्या घेणाऱ्या विवाहित स्त्रियांचे प्रमाण शंभरात दोनच्या आसपास भरले. उपकेंद्रावर माला-एनच्या पाकिटांबरोबर आता ‘छाया’ ही आठवडी गोळी आणि ‘अंतरा’ हे तिमाही इंजेक्शन मिळते. या तिन्हींची गणना एकाच सदरात होते, पण अंडाशयाच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या वस्तू आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत निघालेली सेंटक्रोमॅनची गोळी, म्हणजेच ‘छाया’, बीज सुटणे सहसा थांबवीत नाही. तेव्हा माला-एनसारख्या संप्रेरकी गोळ्यांबद्दलचा निष्कर्ष तिला लावता येत नाही. ‘अंतरा’ बीज थांबवते, आणि अलीकडच्या अभ्यासांत तिच्या औषधाने जोखीम कमी झाल्याचे दिसले आहे.

आपल्याकडचा खरा उपाय ‘ऑपरेशन’. त्याच सर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी शंभरात ४९ जणींची नसबंदी झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीचे प्रमाण इतके क्षुल्लक आहे की कुटुंबनियोजनाचा सगळा भार बायकांनीच वाहिला, असे म्हणणे भाग आहे. आणि ही शस्त्रक्रिया पुष्कळदा पंचविशीच्या आतबाहेर, दुसऱ्या-तिसऱ्या मुलानंतर, टाक्याची किंवा दुर्बिणीची होते. गर्भनलिका बांधल्याने किंवा तिच्यावर रिंग बसवल्याने अंडाशयाच्या कर्करोगाची जोखीम सुमारे तीस टक्क्यांनी कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले. शिबिरांतून झालेल्या या शस्त्रक्रियांनी नकळत एक प्रतिबंधक कार्यही केले आहे. अंडाशयाला हात न लावता त्याचा रोग कसा कमी व्हावा, याचा उलगडा शोधताना रोगाच्या मूळ ठिकाणाविषयीची कल्पनाच बदलली. २००१ साली हॉलंडमध्ये आनुवंशिक जोखीम असलेल्या स्त्रियांच्या काढलेल्या गर्भनलिका सूक्ष्मदर्शकाखाली तपासताना, त्यांत कर्करोगाच्या पूर्वावस्था आढळल्या. पुढे इतरांनी त्याची खातरजमा केली. या कर्करोगाचा जो सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक प्रकार, तो बहुतांशी नलिकेच्या अंडाशयाकडील झालरीसारख्या टोकावर जन्मून अंडाशयावर उतरतो, असे आज मानले जाते. नलिका मध्यावर बांधली तर झालर शिल्लक राहते, आणि म्हणूनच या घातक प्रकारात नसबंदीचा लाभ सुमारे एक-पंचमांशच आहे. उलट पाळीच्या वेळी उलट्या दिशेने पोटात जाणाऱ्या गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींची वाट बंद झाल्याने, त्या अस्तरापासून उद्भवणारे इतर दोन प्रकार निम्म्यावर येतात.

यातून पुढचा विचार निघाला : मुले पुरी झालेल्या स्त्रीवर अन्य कारणाने शस्त्रक्रिया होत असेल, तर नलिका बांधण्याऐवजी त्या पूर्णच काढाव्यात, अंडाशय मात्र ठेवावेत. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०१० पासून हे सुरू झाले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात अशा २५,८८९ स्त्रियांत त्या घातक प्रकाराचे पाचाहून अधिक रुग्ण अपेक्षित असताना एकही आढळला नाही. या स्त्रिया अजून तरुण आहेत आणि अंतिम निर्णयास अवधी आहे. माझ्या मते, शिबिराच्या घाईत ही शस्त्रक्रिया मुळीच करू नये. पण सिझेरियनच्या वेळीच नसबंदी मागणाऱ्या बाईला, सर्जन अनुभवी असेल तेथे, हा पर्याय तिच्या भाषेत समजावून द्यावा आणि निर्णय तिच्यावर सोपवावा.

उरलेल्या कारणांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. पाळी गेल्यानंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जोखीम वाढते; पन्नाशीपासून पाच वर्षे घेतल्यास हजारी सुमारे एक जादा रुग्ण, असा २०१५ चा निष्कर्ष आहे, पण हे औषध मुरबाडच्या खेड्यात पोहोचलेलेच नाही. वंध्यत्व स्वतःच जोखीम वाढवते. त्यावरील औषधांबद्दल १९९२ च्या सुमारास उठलेली भीती पुढच्या अभ्यासांत बरीचशी निराधार ठरली. एंडोमेट्रिओसिस या विकाराने काही प्रकारांची जोखीम दुप्पट-तिप्पट होते, आणि पाळीत असह्य दुखणे ‘बायकांचे असतेच’ म्हणून सोडून दिल्याने तो ओळखला जात नाही. या सर्वांहून मोठी गोष्ट आनुवंशिकतेची : बीआरसीए-१ या जनुकात दोष असलेल्या स्त्रीला ऐंशी वर्षांपर्यंत हा कर्करोग होण्याची शक्यता शेकडा ४४ आणि बीआरसीए-२ मध्ये शेकडा १७. आई, मावशी, बहीण किंवा आत्या यांच्यापैकी कोणाला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग होता काय, हा प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

येथवरचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की जुनी रीतच बरी होती. त्याला माझा निक्षून विरोध आहे. आजीची सव्वादोनशे बीजे ही उपासमारीने लांबलेल्या न्हाणाची, सहा गर्भारपणांची आणि त्यांतल्या कदाचित दोन मुलांच्या मृत्यूची किंमत देऊन वाचलेली होती. जी बाळंतपणे अंडाशयाला राखतात, तीच लहान वयात आणि वारंवार झाली असता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला वाट करून देतात. बार्शीच्या आकड्यांचा एक अर्थ हाही आहे. २०१२ च्या एका मोठ्या विश्लेषणात उंच स्त्रियांना हा रोग किंचित अधिक होतो असेही आढळले. पण म्हणून मुलींची उंची खुंटलेली राहावी असे कोण म्हणेल? अभावातून मिळालेले संरक्षण नाहीसे होते आहे ही इष्ट गोष्ट आहे. मात्र ते जात असताना त्याच्या जागी दुसरे काही उभे करण्याची जबाबदारी आरोग्यखात्यावर येते, आणि ती अद्याप कोणी पत्करलेली नाही.

आणखी एका मार्गाबद्दल सावध केले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीने केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. अंगावरून पांढरे जाणे किंवा अनियमित पाळी एवढ्यावरून ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती घालून पिशवी काढली जाते; कधी तिच्याबरोबर अंडाशयही जातात. तिशी-चाळिशीत अंडाशय गेले म्हणजे हाडे ठिसूळ होतात, हृदयविकार लवकर गाठतो आणि अंगमेहनतीवर जगणाऱ्या बाईचे काम करण्याचे सामर्थ्य ओसरते. ज्ञात जनुकदोष किंवा प्रत्यक्ष रोग नसताना हा प्रतिबंध नव्हे, ते नुकसान आहे.

मग करावे काय? स्तन किंवा गर्भाशयमुख यांप्रमाणे सर्व स्त्रियांची चाचणी घेऊन हा रोग आधी पकडता येईल, ही आशा तूर्त सोडावी लागते. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात, त्यांतल्या निम्म्या जणींची रक्ताची वा सोनोग्राफीची तपासणी वर्षानुवर्षे करूनही मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२१ साली स्पष्ट झाले. तीस वर्षांवरील लोकांच्या सरकारी तपासणीत मुख, स्तन आणि गर्भाशयमुख एवढेच तीन कर्करोग आहेत, त्याला हे एक संयुक्तिक कारण आहे. राहता राहिली लक्षणे. पोट फुगते, लुगड्याची गाठ नेहमीच्या जागी बसेनाशी होते, दोन घास खाल्ले की पोट भरते, ओटीपोट दुखते, लघवीला वारंवार जावे लागते. ही लक्षणे गॅसची म्हणून गोळ्या मिळतात. पोटात पाणी झालेले दिसले तर पोटाचा क्षय समजून उपचार सुरू होतो, कारण क्षयातही पाणी होते आणि सीए-१२५ ही रक्तचाचणीही वाढलेली येते. तुकडा किंवा पाणी तपासून निदान पक्के होईपर्यंत महिने जातात. बहुसंख्य रुग्ण रोग पोटभर पसरल्यावरच येतात, याचे बरेचसे कारण रोगाचा स्वभाव हे आहे. पण सगळे नव्हे.

उपकेंद्रातील आरोग्यसेविकेच्या दप्तरात पात्र जोडप्यांची नोंदवही असते. तिच्यात बाईचे वय, झालेली आणि जिवंत असलेली मुले, शेवटच्या मुलाचे वय आणि कुटुंबनियोजनाची पद्धत ही सगळी माहिती पाड्यापाड्यावर फिरून घातलेली असते. जोखमीचा अंदाज घेऊ पाहणाऱ्या संशोधकाला याहून अधिक काय हवे? परंतु पात्र जोडपे म्हणजे ज्यातील पत्नी १५ ते ४९ वर्षांची आहे असे जोडपे. पन्नासावे लागताच बाईचे नाव त्या वहीतून जाते, आणि हा रोग तर त्याच सुमारास डोके वर काढतो. बाई प्रसवू शकते तोवरच खात्याला तिची आठवण असावी, ही व्यवस्था बदलली पाहिजे. जुनी वही फेकून न देता तिच्या मागे चार रकाने जोडावेत : पाळी केव्हा गेली, पिशवी किंवा अंडाशय काढले आहेत काय, घराण्यात कोणाला स्तनाचा वा अंडाशयाचा कर्करोग होता काय, आणि गेल्या महिन्यात पोट फुगल्याची तक्रार आहे काय.

तोपर्यंत शहापूर-मुरबाडच्या आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना एवढीच विनंती आहे की, पंचेचाळिशी उलटलेल्या बाईचे पोट दोन-तीन आठवडे रोज फुगलेले राहत असेल, तर गॅसच्या गोळ्यांची दुसरी पुडी देण्याआधी तिची सोनोग्राफी करून घ्यावी, आणि गाठ किंवा पाणी दिसल्यास तिला थेट कर्करोगाच्या रुग्णालयाकडे धाडावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी समाविष्ट आहे. निघताना तिच्यासोबत शिधापत्रिका आणि आधारपत्र द्यायला विसरू नये.